लाइट न घालवता!

बाकी जगात ‘लेगसी’ म्हणजे मिरवायची गोष्ट. घराण्याची गायकी, आजोबांची पेढी, गेला बाजार आजीच्या गोडा मसाल्याचं प्रमाण! आयटीत मात्र हा शब्द ऐकला की भल्याभल्यांचे चेहरे पडतात. ‘लेगसी प्रोजेक्टवर टाकलंय’ हे वाक्य ‘गडचिरोलीला बदली झालीय’च्या सुरात सांगितलं जातं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. कागदपत्रं गहाळ. आणि तुमचं काम काय, तर हे सगळं समजून घेऊन नव्यात उतरवायचं. तिकडे तुमचे बॅचमेट एआयवर काम करतायत, कॉन्फरन्सचे फोटो टाकतायत. इकडे तुम्ही धूळ झटकताय.

माझी डोंबिवलीची एक मैत्रीण ऐरोलीच्या आयटी कंपनीत आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या वाट्याला असाच प्रोजेक्ट आला. देशातल्या एका ग्रिड ऑपरेटरचं जुनं सॉफ्टवेअर बदलून नवं बसवायचं. कुठल्या राज्यातलं, ते ती सांगत नाही. करारच तसा आहे. मी पत्रकार असूनही खोदून विचारलं नाही, यावरून आमची मैत्री किती घट्ट आहे ते ओळखा! तर ही बया जाम वैतागली होती. ‘इंजिनीअरिंग करून मी पुरातत्त्व खात्यात लागले गं,’ असं फोनवर म्हणायची. त्याच सुमारास बंगळुरूच्या एका स्टार्टअपची ऑफर आली. पगार दीडपट, प्रॉडक्ट नवंकोरं, ऑफिसात बीन बॅग वगैरे सगळा जामानिमा. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार होता.

तो मेल तिने का पाठवला नाही, त्याची ही गोष्ट. पण त्याआधी विजेचा थोडा फंडा समजून घ्यावा लागेल. बोअर होणार नाही, प्रॉमिस.

कळव्याचं ऑफिस

आपल्याला विजेचं बिल पाठवते ती महावितरण. वीज तयार करते महानिर्मिती आणि इतर कंपन्या. लांबच्या पल्ल्याला ती वाहून नेते महापारेषण. जून २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाच्या अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. पण कुठल्या केंद्राने आत्ता किती वीज तयार करायची, कुठल्या वाहिनीवर किती भार टाकायचा, हे बघायला एक ट्रॅफिक हवालदारही लागतो. महाराष्ट्रात ते काम राज्य भार प्रेषण केंद्राकडे आहे. ठाणे-बेलापूर रोडवर, ऐरोलीत. ओळखलं मात्र जातं कळव्याच्या नावाने. आयटी पार्कात जाणारी हजारो पोरंपोरी रोज त्याच रस्त्याने जातात. ‘इथे काय चालतं?’ हा प्रश्न त्यातल्या किती जणांना पडत असेल, देव जाणे.

काम ऐकायला सोपं आहे. जेवढी मागणी, तेवढाच पुरवठा, तोही दर क्षणाला. मोठ्या प्रमाणावर वीज साठवून ठेवणं अजूनही महागडं प्रकरण आहे. त्यामुळे तुम्ही डोंबिवलीत एसी लावलात की कुठेतरी एखाद्या जनित्रावर तेवढा भार त्याच क्षणी वाढतो. मेळ बिघडायला लागला की ते कळतं फ्रिक्वेन्सीवरून. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असावी लागते. नियमातला पट्टा ४९.९० ते ५०.०५, म्हणजे केसाएवढा! मागणी जास्त झाली की काटा खाली, पुरवठा जास्त झाला की वर.

हिशेबासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यात कोण किती वीज देणार, कोण किती घेणार, ते आधी कळवायचं. त्यात फरक पडला की पैसे मोजायचे. महाराष्ट्रात या हिशेबाची नवी नियमावली २०१९ मध्ये आली, आणि त्यानुसार पैशांचे व्यवहार सुरू झाले ऑक्टोबर २०२१ मध्ये. कागदावरचा नियम एका दिवसात बदलतो. तो मीटरमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये आणि माणसांच्या अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो.

या सगळ्याचा कस कसा लागतो, ते ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसलं. आठवतंय ना? नऊ वाजता, नऊ मिनिटं, घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या. देशाची मागणी बारा-तेरा हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजारांनी उतरली. सगळ्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी तेव्हा पंचवीस हजारांच्या पुढेमागे असायची. म्हणजे त्याहून मोठं राज्य काही मिनिटांत गायब झालं आणि पुन्हा हजर झालं! कोळशाचं केंद्र इतक्या झटपट वरखाली होत नाही. देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी भराभर उत्पादन उतरवलं, नंतर चढवलं, आणि ग्रिड टिकलं.

माझा मामा त्या रात्री एका कंट्रोल रूममध्ये ड्युटीवर होता. ‘तुझी मामी गच्चीत पणती लावत होती, आणि मी देव पाण्यात घालून बसलो होतो,’ असं तो आजही सांगतो.

मामाचा जमाना

मामा कल्याणला राहतो. १९८९ मध्ये नोकरीला लागला, २०२४ मध्ये रिटायर झाला. पस्तीस वर्षांतली बहुतेक शिफ्टमध्ये गेली. भावकीतल्या किती लग्नांना तो मुहूर्ताला हजर होता, हे एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा डोंबिवलीत भारनियमन जोरात होतं. लाइट गेली की शेजारच्या काकू हमखास म्हणायच्या, ‘तुझ्या मामाला फोन लाव, म्हणावं सोड आता.’ जणू मामाच्या टेबलाखाली आमच्या बिल्डिंगचं बटण होतं!

तो लागला तेव्हा कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटरपेक्षा टेलिफोन महत्त्वाचा होता. उपकेंद्रांतून आकडे फोनवर यायचे, ते मोठ्या तक्त्यावर पेनने उतरवायचे. नव्वदच्या दशकात फ्रिक्वेन्सी ४९ च्याही खाली असणं ही रोजचीच कटकट. मग स्काडा आलं. उपकेंद्रातलं एक यंत्र दर काही सेकंदांनी आकडे पाठवणार, ते पडद्यावर दिसणार. मामा सुरुवातीला त्या पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही. फोन करून खात्री करायचा. पुढे पडद्याची सवय झाली आणि फोन मागे पडला.

‘निरस वाटणाऱ्या नोकऱ्या’ असं काहीतरी लिहायचं माझ्या डोक्यात होतं. म्हणून एका रविवारी मैत्रिणीला घेऊन मी मामाकडे गेले. मामीने पोहे केले. पहिली दहा मिनिटं मामाने तिला नेहमीचे प्रश्न विचारले. गाव कुठलं, डोंबिवलीत ईस्ट की वेस्ट, लग्नाचं काय. मग कामाचा विषय निघाला, आणि पुढचे तीन तास मी त्या खोलीत आहे हे दोघंही विसरले.

उणे एक

तिचा प्रश्न असा होता. जुना प्रोग्रॅम एका वाहिनीचा आकडा आला की त्याला उणे एकने गुणायचा. बाकी एकाही वाहिनीला हा नियम नाही. शेजारी खुलासा नाही. फक्त एक तारीख, २००४ मधली.

‘आमचा लीड म्हणतो, बग आहे. नव्यात घेऊ नका.’

मामाने चहाचा कप खाली ठेवला. ‘काढलंस?’

‘सोमवारी काढणार आहे, काका.’

‘थांब. आधी त्या उपकेंद्राला फोन लावायला सांग. सी.टी. उलटा असणार.’

सी.टी. म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. वाहिनीतला प्रचंड प्रवाह मोजता येईल इतका लहान करून मीटरकडे पाठवणारं उपकरण. त्याच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या तर आकडा बरोबर येतो, दिशा उलटी येते. आत येणारी वीज बाहेर जाताना दिसते. जोडणी सुधारायची तर वाहिनी बंद ठेवावी लागते, आणि भरलेली वाहिनी बंद ठेवायला सहजी कुणी परवानगी देत नाही. मग कंट्रोल रूममधला एखादा शहाणा म्हणतो, तोपर्यंत आपण सॉफ्टवेअरमध्येच चिन्ह उलटं करून घेऊ. तात्पुरतं! आपल्याकडचं ‘तात्पुरतं’ किती टिकतं, हे मी सांगायला नको.

ते उणे एक काढलं असतं तर? मामाने पेपरच्या कडेवर हिशेब मांडला. समजा २०० मेगावॉट आत येतायत. पडद्यावर दिसणार २०० बाहेर जातायत. म्हणजे चूक दोनशेची नाही, चारशेची. हे सॉफ्टवेअर नुसते आकडे दाखवत नाही. ‘ही वाहिनी पडली तर तिचा भार कुठे जाईल, दुसरी कुठली वाहिनी झेपणार नाही,’ याचाही अंदाज बांधतं. तो सगळा अंदाज उलट्या पायावर उभा राहिला असता. आणि नवं सॉफ्टवेअर, रंगीत पडदा, त्यामुळे ऑपरेटरने विश्वासही ठेवला असता.

सोमवारी फोन गेला. गुरुवारी उत्तर आलं. तिथला एक जुना तंत्रज्ञ म्हणाला, ‘हो, उलटाच आहे. माझ्यासमोरच बसवला. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही.’ दोन महिन्यांनी तो रिटायर होणार होता.

त्या रात्री माझ्या मैत्रिणीला झोप लागली नाही. दोन महिने उशीर झाला असता तर हा फोन उचलायला कोण होतं?

अलार्म वाजलाच नाही

‘एका चिन्हाने असं काय आभाळ कोसळणार होतं?’ असं मीही तिला विचारलं. तिने मला अमेरिकेची हकिगत सांगितली. १४ ऑगस्ट २००३. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास निमूट बंद पडली. सॉफ्टवेअरमध्ये दडलेला एक दोष, दोन कामं काही मिलिसेकंदांच्या फरकाने एकमेकांना भिडली तरच उघडा पडणारा. पडदा चालू होता, त्यामुळे ऑपरेटर निवांत होते. बाहेर मात्र तापलेल्या तारा सैल होऊन झाडांना लागत होत्या, एकेक वाहिनी बाद होत होती. चार वाजून गेल्यावर अमेरिका आणि कॅनडातल्या मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.

आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. मी ठाण्यात घरी बसून एक लेख पुरा करत होते. दहाच्या सुमारास पंखा थांबला. मग वाय-फाय. मग कळलं की मुंबईही बंद, लोकलही जागच्या जागी उभ्या. करोनाचे दिवस, हॉस्पिटलं भरलेली. त्या दिवशी पहाटेपासून मुंबई महानगराला वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बाद होत गेल्या होत्या. त्यातली कळवा-पडघा ही नावं त्या दिवशी पहिल्यांदा घराघरांत पोहोचली. संकटात मुंबईला बाकी ग्रिडपासून अलग करून जिवंत ठेवणारी व्यवस्था १९८१ पासून आहे, पण त्या दिवशी तीही टिकली नाही. काही भागांत लाइट यायला रात्र झाली. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारने सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं.

मामाचा फोन त्या दिवशी लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने केला, तेव्हा एवढंच म्हणाला, ‘झोपतो आता.’

दोन्ही बाजूंनी

मग इतकं जोखमीचं आहे तर जुनंच चालू द्यावं की! पण तेही जमत नाही. जुन्या सॉफ्टवेअरला सुरक्षेचे अपडेट मिळेनासे होतात, आणि हल्लेखोरांना नेमकं तेच हवं असतं. यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत. शिवाय ग्रिडच बदललंय. दुपारी सौर वीज भरभरून येते, सूर्य कलला की झपाट्याने उतरते, आणि नेमका तेव्हाच आपण घरी येऊन दिवे, एसी, इंडक्शन सुरू करतो. जुना प्रोग्रॅम लिहिला तेव्हा हा खेळ कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

अडचण एवढीच की ग्रिडला ‘आज काम चालू आहे, उद्या या’ अशी पाटी लावता येत नाही. बदल करायचा तो लाइट न घालवता.

ठाणे-कल्याणच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण ते जगलोय. मध्य रेल्वेची लोकल १९२५ पासून १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालायची. ती २५ हजार व्होल्टच्या एसीवर न्यायची होती. रेल्वे बंद ठेवता येत नव्हती. मग दोन्ही प्रकारच्या विजेवर धावणाऱ्या गाड्या आणल्या आणि एकेक टप्पा बदलत नेला. दोन प्रवाहांच्या शिवेवर डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जायचे, आठवतंय? कॉलेजात असताना तो क्षण म्हणजे आम्हाला किंचाळायचं निमित्त होतं! मुख्य मार्गाचं काम जून २०१५ मध्ये संपलं, हार्बरचं एप्रिल २०१६ मध्ये. खऱ्या रात्री मोजक्या होत्या, तयारी वर्षानुवर्षांची होती.

मैत्रिणीच्या प्रोजेक्टमध्येही आता तोच प्रकार सुरू आहे. जुनं आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालतात. दोघांना तेच आकडे मिळतात, दोघांची उत्तरं रोज ताडून बघायची. हुकूम अजून जुन्याचाच चालतो. एकेका उपकेंद्रातला एकेक सिग्नल माणूस उभा करून तपासायचा. ‘इकडे स्विच पडला. तिकडे दिसला का?’ असे हजारो. ग्लॅमर शून्य. पण फरक सापडला की तिचा चेहरा बघावा! कारण दर वेळी जुनंच चुकलेलं असतं असं नाही. निम्म्या वेळा जुन्याला काहीतरी ठाऊक असतं, जे नव्याला कुणी सांगितलेलं नसतं.

‘का?’ची वही

त्या उणे एकनंतर तिने एक साधी दोनशे पानी वही घातली. वर मोठ्या अक्षरात ‘का?’. कोडमध्ये जिथे जिथे विचित्र काही दिसेल, ते आत लिहायचं. ही मर्यादा इतकीच का? हा अलार्म रात्री दोन ते चार दाबून का ठेवलाय? या केंद्राचा आकडा अर्धा तास उशिरा का घेतात? समोर उत्तर, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव. लीडने आधी चेष्टा केली. आता त्या वहीचा तक्ता करून तो क्लायंटच्या मीटिंगमध्ये दाखवतो, ‘आमची पद्धत’ म्हणून! असो. ऑफिस म्हटलं की हे चालायचंच.

बंगळुरूची ऑफर तिने सोडली. फार उदात्त वगैरे कारण नव्हतं. ‘ही वही दुसऱ्या कुणाला देऊन गेले, तर तोही ती ड्रॉवरमध्ये ठेवून देईल अशी भीती वाटली,’ असं ती म्हणाली. तिच्या आईला पगाराचा आकडा अजून सलतो. तिलाही अधूनमधून सलतो, विशेषतः बॅचमेटचे फोटो बघितले की.

परवा भेटली तेव्हा वहीत १४३ प्रश्न झाले होते. ११२ ची उत्तरं मिळालीत. उरलेल्या ३१ चं काय करायचं, यावर सध्या खल चाललाय. काहींची उत्तरं ठाऊक असलेली माणसं सापडत नाहीत, दोन तर आता या जगातच नाहीत. ते ३१ नियम नव्यात जसेच्या तसे घ्यायचे की काढायचे? घेतले तर नवं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून जुनाट. काढले तर त्यातलं एखादं दुसरं ‘उणे एक’ निघायचं. नव्याकडे कारभार सोपवायची तारीख या ३१ प्रश्नांवर अडलीय.

तिने ती यादी, नावं-गावं खोडून, मामाकडे दिलीय. मामा रोज दुपारी जेवण झालं की चष्मा लावून बसतो. त्याच्या नोकरीत असं काही झालं होतं का ते आठवतो, समासात लिहितो. मामी म्हणते, रिटायर झाल्यापासून माणूस पहिल्यांदा दुपारचा झोपत नाहीये. आत्तापर्यंत चार प्रश्नांपुढे त्याने ‘बहुधा’ लिहून कारण दिलंय, आणि एकापुढे नुसतं ‘हात लावू नका’.

तुमच्या ऑफिसात या महिन्यात कुणी रिटायर होतंय का? केक, शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, सगळं करा. फक्त त्याच्या आदल्या आठवड्यात एक वही घ्या आणि त्यांच्याशेजारी तासभर बसा. पहिला प्रश्न कुठला विचारायचा, ते तर आता ठाऊक झालंय.